आमरींचा अभ्यासक : फादर सांतापाव

पारोळ्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात झाडाच्या फांदीवर वाढलेली कोणतीही हिरवाई बांडगूळ समजली जाते. मात्र सातपुड्याच्या रानात जुन्या झाडांवर फुलणारा वांदा, म्हणजेच रास्ना, ही आमरी आहे. झाडाचा ती केवळ आधार घेते. महाराष्ट्रातील आमरींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्यांत फादर हर्मेनेजिल्ड सांतापाव यांचे नाव अग्रभागी आहे.

स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले सांतापाव जेझुइट धर्मगुरू होते. १९४० पासून त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले. तेथील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहाची धुराही त्यांनी वाहिली. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व पत्करले. ऐन पावसाळ्यात खंडाळ्याचे डोंगर तुडवून त्यांनी जमविलेल्या नोंदींतून १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध झाला. विद्यार्थी झरीर कापडिया यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील आमरींवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

वांदाचे वैशिष्ट्य त्याच्या मुळांत आहे. हवेत लोंबणाऱ्या या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस व दव ते चटकन शोषून घेते. जाड पाने कोरड्या दिवसांत पाणी राखतात. धुळीसारख्या सूक्ष्म बियांत मात्र अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. गंमत अशी, की संस्कृतात वंदा हा शब्द परोपजीवी बांडगुळासाठीही आहे. विल्यम जोन्स यांनी तोच शब्द या आमरीसाठी योजला व १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी त्यावरून प्रजातीचे नाव रूढ केले. लोकांचा जुना गैरसमज असा शास्त्रीय नावातही उतरला.

१९६०च्या दशकात सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. सांतापावा या वनस्पती-प्रजातीच्या नावात त्यांची स्मृती जपली गेली आहे.

औषधासाठी रास्नेची मुळे आजही ओरबाडली जातात, जुनी झाडेही तोडली जातात. जमिनीत मूळ नसलेल्या या वनस्पतीला झाड गेल्यावर दुसरा थारा उरत नाही. कोणत्या रानात काय होते, हे सांगणाऱ्या सांतापाव यांच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या आहेत. काय गमावले, याचा हिशेब त्यांच्याच आधारे मांडता येतो.