हल्ला झेलायचा कसा? कापाब्लांकाकडून शिका!

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मोबाइलवर बुद्धिबळाचं ॲप घेतलं असेल. आता समजा, वाशिमहून एसटीने कारंजामार्गे तुम्ही अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेलात. पहिलीच फेरी. समोरचा आधी एक प्यादं फुकट देतो. मग घोडा पुढे टाकतो, मग उंट. तुमच्या राजाभोवती त्याची फौज जमते, तळहाताला घाम सुटतो. आणि लक्षात येतं, की हा गडी सगळं घरून पाठ करून आलाय! काय कराल?

होजे राउल कापाब्लांकावर नेमकी हीच वेळ आली होती.

कापाब्लांका क्युबाचा. जन्म हवानातला, १८८८ चा. वडील लष्करात अधिकारी. त्यांचा खेळ बघता बघता चौथ्या वर्षी पोरगा बुद्धिबळ शिकला. १९०१ मध्ये त्याने क्युबातल्या अव्वल खेळाडूला, हुआन कोर्सोला सामन्यात हरवलं. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, पण ते शिक्षण अर्धवटच राहिलं. सगळा जीव पटावर! १९०९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेच्या फ्रँक मार्शलला सामन्यात धूळ चारली. आठ डाव जिंकले, एक हरला, चौदा बरोबरीत.

मार्शल हा काही साधासुधा खेळाडू नव्हता. मोहरी बेधडक अर्पण करून राजावर तुटून पडणं ही त्याची ख्याती. तो पराभव त्याला सलणारच ना!

२३ ऑक्टोबर १९१८. न्यूयॉर्कच्या मॅनहटन चेस क्लबमधली स्पर्धा. पांढरी मोहरी कापाब्लांकाकडे, काळी मार्शलकडे. आठव्या खेळीला मार्शलने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारलं आणि राजासमोरचं प्यादं उघड्यावर सोडलं. खास कापाब्लांकासाठी त्याने ही युक्ती कित्येक वर्षं राखून ठेवली होती, अशी एक दंतकथा आहे. अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. पण तयारी घरून केलेली होती, एवढं कापाब्लांकाने लगेच ओळखलं. पुढे प्रत्येक वळण मार्शलला पाठ आणि आपल्याला नवं, हेही त्याला कळलं. तरी त्याने ते प्यादं घेतलं. आव्हान आपल्या कौशल्याला आहे, ते टाळायचं नाही, एवढाच हिशेब.

मग वादळ सुरू झालं. मार्शलने घोडा राजाच्या अंगणात आणून ठेवला. प्याद्याने मारता येत होता. कापाब्लांकाने तो घेतला नाही. त्याने आधी वजीर बाहेर काढला. थोड्या वेळाने मार्शलने उंटही पुढे केला. तो मात्र त्याने घेतला. काय फुकटचं आणि काय गळाला लावलेलं, हे तो दर खेळीला नव्याने तपासत होता. विसाव्या खेळीपर्यंत हिशेब असा झाला, की त्याने एक हत्ती गमावला आणि बदल्यात उंट व घोडा मिळवला.

पण राजा उघडा पडला होता! वजिराकडच्या बाजूचे हत्ती, घोडा आणि उंट अजून जागचे हललेही नव्हते. अशा वेळी आपण काय करतो? राजाला कोपऱ्यात दडवतो. कापाब्लांकाने उलटं केलं. शह बसत गेले तसा राजा एकेक घर चालत पटाच्या मधून पलीकडे गेला आणि चोविसाव्या खेळीला दुसऱ्या बाजूला पोहोचला. आता मार्शलचा वजीर आणि उंट रिकाम्या कोपऱ्यात घुटमळत होते. हल्ल्याचा दम संपला होता. मग कापाब्लांकाने मागे राहिलेल्या त्याच बाजूची प्यादी पुढे रेटली. त्यातलं एक वजीर होण्यापासून एका घरावर येऊन उभं राहिलं आणि छत्तिसाव्या खेळीला डाव संपला. स्पर्धाही त्यानेच जिंकली.

१९२१ मध्ये हवानातच इमॅन्युएल लास्करला एकही डाव न गमावता हरवून तो जगज्जेता झाला. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत तो स्पर्धेतला एकही डाव हरला नाही. १९२७ मध्ये अलेखाइनने त्याचं जगज्जेतेपद हिरावलं. मार्च १९४२ मध्ये त्याच मॅनहटन चेस क्लबमध्ये तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय अवघं ५३.

गंमत बघा, त्या दिवशी हरलेल्या मार्शलचंही नाव राहिलं. तो हल्ला आज ‘मार्शल अटॅक’ म्हणून ओळखला जातो आणि मोठमोठे ग्रँडमास्टर अजूनही तो खेळतात. म्हणजे युक्ती पोकळ नव्हती. म्हणूनच ती पहिल्यांदा, तयारीशिवाय, समोर घड्याळ चालू असताना परतवणं किती अवघड होतं, ते समजतं.

तेव्हा अमरावतीच्या त्या पटावर समोरच्याने घोडा पुढे टाकला, तर लगेच हात घालू नका आणि घाबरून मागेही सरू नका. आधी बघा, खरा धोका कुठून आहे. राजाला चालत जायला एखादं घर मोकळं असेलही!