सहलवाल्यांचा मूळपुरुष

सिमला-मनाली ठरलं की आपण आधी ट्रॅव्हल एजंटकडे जातो. गाडी, हॉटेल, जेवणखाण सगळं त्याच्यावर सोपवायचं आणि आपण स्वेटर भरायचे! ही सोय तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसांपर्यंत आणली ती थॉमस कुकनं. हा माणूस मला फार आवडतो.

१८०८ मध्ये इंग्लंडमधल्या मेलबर्न नावाच्या गावी त्याचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली. आधी बागकाम, मग सुतारकाम आणि पुढे धर्मप्रचार, दारूबंदीचं काम. दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायची म्हणून ५ जुलै १८४१ ला त्यानं लेस्टर ते लाफबरो अशी खास आगगाडी ठरवली. माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे ५०० जण गेले. पुढे सहली हाच त्याचा धंदा झाला. १८४६ मध्ये दिवाळं निघालं, तरी गडी खचला नाही.

१८६३ मध्ये त्यानं लोकांना आल्प्स दाखवायला स्वित्झर्लंडला नेलं. तोवर ही श्रीमंतांची मिरासदारी. त्या सहलीत जेमायमा मॉरेल ही यॉर्कशायरची तरुणी भावाबरोबर आली होती. तिच्या रोजनिशीमुळेच तर आपल्याला ती सहल कळते. पायघोळ झगे सावरत या बायकांनी शामोनीजवळची हिमनदी ओलांडली, सूर्योदय पाहायला रिगी डोंगर चढला. नंतर तर वडील-नवरा बरोबर नसतानाही कितीतरी बायका कुकच्या भरवशावर निघू लागल्या. यावर टीकाही झाली, पण त्यानं त्यांची बाजू सोडली नाही.

हा भरवसा आला कुठून? वेळापत्रक आधी छापलेलं, खर्च आधी ठरलेला. १८६८ पासून तर त्यानं हॉटेलची कुपनंच काढली. पैसे घरूनच भरायचे, परमुलखात घासाघीस नको.

आमच्या भिशीतल्या आम्ही सहा जणी मनालीला निघालो, तेव्हा सासूबाईंचा जीव भांड्यात पडला तो एजंटनं दिलेला असाच कागद पाहून!

साऱ्या जगाला फिरवणाऱ्या कुकचा उतारवयातला संसार मात्र सुखाचा नव्हता. मुलाशी पटेना, म्हणून सत्तरीच्या सुमारास त्याला कारभार सोडावा लागला. १८८० मध्ये मुलगी अ‍ॅनी गेली, १८८४ मध्ये पत्नी. दृष्टी जवळजवळ गेलेली. १८९२ मध्ये तो वारला. त्याच्या नावाची ती इंग्लिश कंपनीही २०१९ मध्ये बुडाली.

राहिली ती त्याची रीत. म्हणून मैत्रिणींनो, डोंगरातली सहल ठरवताना एजंटकडून सगळं लिहून घ्या. मुक्काम कुठे, जेवण किती वेळा, गाडी कुठपर्यंत, चढण पायी की घोड्यावर, रस्ता बंद पडला तर पैशांचं काय? विचारायला लाजू नका. कागद हातात आला की मग खुशाल निघा!