मणका झिजला, चालणे थांबले नाही

बाबा आमटे यांना उत्तरायुष्यात खुर्चीवर बसता येत नसे. उभे राहायचे, चालायचे, नाही तर सरळ आडवे पडायचे, एवढेच त्यांच्या पाठीला मानवत होते. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज, म्हणजे स्पॉन्डिलोसिस, हे त्यांचे दुखणे. त्यांचे आनंदवन सर्वांना माहीत आहे. पण या दुखण्यासह त्यांनी केवढे काम केले, हे मानदुखीच्या प्रत्येक रुग्णाने समजून घेण्यासारखे आहे.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला, जमीनदार घराण्यात झाला. तरुणपणी शिकारीची आवड, वेगवान मोटारीचा शौक आणि इंग्रजी चित्रपटांचे वेड होते. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली. गांधीजींच्या प्रभावाने जगण्याची दिशा बदलली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी स्वतः संडास साफ केले, डोक्यावरून मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. त्याच सुमारास तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना पावसात भिजत पडलेला दिसला. पहिल्यांदा ते भीतीने दूर पळाले. त्या भीतीची लाज वाटून परत आले आणि त्याची सेवा केली. १९४६ मध्ये साधनाताईंशी विवाह झाला. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून त्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचे काम उभे केले. विहीर खणणे, दगड फोडणे, शेत तयार करणे, सारे अंगमेहनतीचे होते.

या मेहनतीनेच त्यांचा मणका झिजला असे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. झीज वयानुसार सर्वांचीच होते. घराण्यातील ठेवण, जुनी इजा, तंबाखू, वर्षानुवर्षे वाहिलेले ओझे यांमुळे ती कोणात लवकर, कोणात उशिरा दिसते.

मानेत सात मणके असतात आणि साधारण साडेचार ते पाच किलोचे डोके ते दिवसभर तोलतात. दोन मणक्यांमध्ये चकती असते. मागच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक छोटा सांधा असतो. गुडघ्याच्या सांध्यासारखेच या सांध्यांनाही गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वय वाढते तशी चकतीतले पाणी कमी होते, ती बसकी होते आणि भार मागच्या सांध्यांवर येतो. अस्तर झिजते, कडेला हाडाचे कंगोरे वाढतात, भोवतीचे स्नायू आखडतात. सांध्याचे दुखणे बहुधा मानेपासून खांद्यापर्यंत, कधी डोक्याच्या मागच्या भागापर्यंत जाते. शीर दबली तर कळ हातात उतरते आणि बोटांना मुंग्या येतात.

लातूरच्या मोंढ्यात पोती वाहणारा हमाल, उन्हाळ्यात डोक्यावर घागरी आणणारी बाई, नांदेडच्या शिकवणी वर्गात तासन् तास मान खाली घालून बसलेला विद्यार्थी, असे सगळेच मानदुखी घेऊन सरकारी दवाखान्यात येतात. एक्स-रे काढला की ‘मणक्यात गॅप आला’ हा शब्द कानी पडतो आणि माणूस खचतो. वास्तविक साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये अशी झीज दिसते आणि त्यातल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. फोटोतली झीज आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ दर वेळी बसत नाही. म्हणून निदान फोटोवर नव्हे, तपासणीवर ठरते.

बाबांचा त्रास मात्र फोटोपुरता नव्हता. बसणे बंद झाल्यावर त्यांनी कामाची पद्धत बदलली. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते आणि बाबा त्यांच्यासोबत वाहनात आडवे पडून प्रवास करत होते. काश्मीरपर्यंतचे हे अंतर पाच हजार किलोमीटरहून जास्त होते. १९८८ मध्ये अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले आणि धरणग्रस्तांच्या आंदोलनात उभे राहिले.

आजचे वैद्यकशास्त्र मानदुखीच्या रुग्णाला जवळपास हेच सांगते. जी हालचाल सोसते ती सुरू ठेवा, जी सोसत नाही तिला पर्याय शोधा. पूर्ण विश्रांतीने स्नायू दुबळे होतात. मानेचा पट्टा गरजेपुरता आणि थोडे दिवस वापरावा. शेक, वेदनाशामक औषध, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, फार उंच नसलेली उशी आणि दर अर्ध्या तासाने मान वर करणे, एवढ्यानेच बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

पण धीर सुटलेला माणूस झटपट इलाज शोधतो. कोणी केस कापल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेतो, कोणी गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे जातो. अलीकडे मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ पाहून ‘कट्ट’ आवाजाचे आकर्षण वाढले आहे. ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. सरकलेला मणका शिरा दाबतो आणि बहुतेक रोग त्यातूनच होतात, हा त्यांचा सिद्धांत विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. साध्या, सांध्यांच्या मानदुखीत प्रशिक्षित हातांनी केलेल्या उपचाराने काहींना तात्पुरता आराम मिळतो; तो व्यायामापेक्षा फार वेगळा नसतो. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने. त्याने मणका जागेवर बसला असे सिद्ध होत नाही.

धोका झटक्यात आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. जोराच्या पिळाने धमनीचे आतले अस्तर फाटून अर्धांगवायू होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडले तर भरून न येणारे नुकसान होते. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, संधिवात किंवा कर्करोग असलेल्यांनी, मानेला मार लागलेल्यांनी आणि हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असलेल्यांनी मानेला झटका कधीच देऊ देऊ नये.

बाबांची सहनशक्ती मोठी होती, पण दुखणे सोसत राहणे हा त्यांच्या चरित्राचा धडा नव्हे. काही खुणा एक दिवसही सोसू नयेत: हाताची पकड सुटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, नकळत पायातून चप्पल निसटणे, लघवीवरचा ताबा जाणे. हे मज्जारज्जू दबल्याचे लक्षण असू शकते. तिथे एमआरआय आणि वेळेवर शस्त्रक्रिया लागू शकते; उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही. मानदुखीबरोबर ताप, वजनात घट किंवा रात्री झोपू न देणारी कळ असेल, तरी लगेच तपासून घ्यावे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून संपलेला नाही.

२००७ मध्ये बाबांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले. दहनाऐवजी आनंदवनाच्याच मातीत त्यांचे दफन झाले. नांदेडहून यवतमाळमार्गे वरोऱ्याला गेले की ती जागा पाहता येते. बसता न येणाऱ्या माणसाने अखेरपर्यंत किती माणसे उभी केली, ते तिथे कळते.