वीणा वाजवणारी हेर : नूर इनायत खान



मला हेरांच्या गोष्टी फार फार आवडतात. आमच्या वर्गात बहुतेक सगळ्यांनाच आवडतात. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. त्यात बहिर्जी नाईकांचं नाव आलं की मागची मुलंसुद्धा सरसावून बसतात. माझ्या थोरल्या काकांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आहेत. ही चित्रकथांची पुस्तकं १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. पण काका ते अंक अजून कोणाला बाहेर नेऊ देत नाहीत. बाबूराव अर्नाळकर यांनी तर हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आजोबा म्हणतात की त्यांच्या वेळी लोक त्या कंदिलाच्या उजेडात वाचायचे.

या गोष्टी जुन्या का होत नाहीत, याचा मी विचार केला. मला वाटतं, राजाला सगळे ओळखतात पण हेराला कोणीच ओळखत नाही. तो आपल्यासारखाच साधा दिसतो. बाजारात, एसटीत, देवळाच्या पायरीवर आपल्या शेजारी बसलेला माणूससुद्धा हेर असू शकतो. लहान मुलांकडेही मोठी माणसं लक्ष देत नाहीत. म्हणून आपल्याला वाटतं की आपणही हेर होऊ शकू. शिवाय गुपित सांभाळण्यात मोठी मजा असते.

पण चित्रकथेतला हेर कधी मरत नाही. पुढच्या अंकात तो पुन्हा येतोच. म्हणून आज मी एका खऱ्या हेराची माहिती लिहिणार आहे. ती एक मुलगी होती. तिचं नाव नूर इनायत खान.

नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी रशियातील मॉस्को शहरात झाला. नूर म्हणजे प्रकाश. तिचे वडील इनायत खान हे आपल्या बडोद्याचे. ते मोठे गवई आणि सूफी संत होते. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली होती. टिपू सुलतानाच्या घराण्याशीही त्यांचं नातं होतं. नूरची आई अमेरिकेची होती. नूरला दोन भाऊ आणि एक बहीण. ती सगळ्यांत थोरली.

पुढे हे कुटुंब लंडनला आणि तिथून फ्रान्सला गेलं. पॅरिसजवळ त्यांचं घर होतं. घराचं नाव फजल मंझिल. घरात नेहमी गाणंबजावणं चाले. नूर वीणा वाजवायला शिकली. वडिलांची शिकवण होती की कोणाला दुखवू नये आणि खरं बोलावं. १९२७ साली वडील हिंदुस्थानात आले असताना दिल्लीला वारले. तेव्हा नूर फक्त तेरा वर्षांची होती. आई दुःखाने खोलीत बसून राहायची. मग धाकट्या भावंडांचं सगळं नूरच बघू लागली. आमच्या गावातही अशा थोरल्या ताया आहेत. त्यांना शाबासकी कोणी देत नाही, पण घर त्यांच्यावरच चालतं.

नूर मोठी झाली. तिने संगीताचं आणि बालमानसशास्त्राचं शिक्षण घेतलं. ती लहान मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. तिच्या गोष्टी रेडिओवरही लागत. १९३९ साली तिचं जातककथांचं पुस्तक निघालं. त्यात वीस कथा आहेत. जातककथा म्हणजे भगवान बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. त्यात एका वानरराजाची गोष्ट आहे. आपल्या वानरांना पळून जाता यावं म्हणून तो स्वतःच्या अंगाचा पूल करतो. सगळे त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात आणि तो मात्र मरतो. हीच गोष्ट अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात रंगवलेली आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचा उपयोग आहे.

१९४० साली हिटलरच्या सैन्याने फ्रान्स जिंकलं. नूर आपल्या घरच्यांबरोबर कशीबशी इंग्लंडला पोचली. आता काय करावं? वडिलांची शिकवण अहिंसेची. पण समोर अन्याय चालला असताना गप्प बसणं हेही तिला पटेना. तिने आणि तिच्या भावाने ठरवलं की लढाईत सामील व्हायचं, पण जिथे धोका जास्त आणि मारणं कमी असं काम घ्यायचं. त्याच वर्षी ती विमानदलाच्या महिला विभागात भरती झाली आणि बिनतारी संदेश पाठवायला शिकली. पुढे एका मुलाखतीत तिने इंग्रज अधिकाऱ्यांना सरळ सांगून टाकलं की युद्ध संपल्यावर मी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहीन, असं तिच्या चरित्रात आहे. अशी खरं बोलणारी मुलगी हेर कशी होणार, असं तिला शिकवणाऱ्यांपैकी काहींना वाटायचं. पण तिला फ्रेंच भाषा उत्तम येत होती आणि संदेश पाठवण्यात तिचा हात चांगला होता. म्हणून तिची निवड झाली.

जून १९४३ मध्ये एका रात्री चांदण्यात एक छोटं विमान फ्रान्समधल्या शेतात उतरलं. त्यातून नूर उतरली. तिचं नवीन नाव झालं जान-मारी रेनिये. गुप्त नाव मॅडलीन. इंग्लंडहून फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी हेर.

तिचं काम काय होतं ते सांगते. तिच्याजवळ सुटकेसमध्ये बसणारं एक यंत्र असे. त्यावर टकटक करून संदेश पाठवायचा. छोटी टक म्हणजे ठिपका आणि लांब टक म्हणजे रेघ. याला मोर्स लिपी म्हणतात. गुरुजींनी ती आम्हाला फळ्यावर काढून दाखवली. यंत्र चालायला लांबलचक तार टांगावी लागे. ती कोणी पाहिली तर संपलंच. शिवाय जर्मनांच्या गाड्या रस्त्यातून फिरत आणि आवाज कुठून येतो ते हुडकून काढत. म्हणून संदेश थोडक्यात आटपायचा आणि लगेच जागा बदलायची. असं काम करणारा माणूस साधारण सहा आठवडेच टिकतो, असं तेव्हा धरलं जाई.

नूर गेली आणि थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक साथीदार पकडले गेले. लंडनहून तिला परत यायला सांगितलं. ती आली नाही. ती आली असती तर तिच्या गटातलं कोणीच लंडनशी बोलू शकलं नसतं. ती केसांचा रंग बदलायची, घरं बदलायची आणि यंत्र घेऊन सायकलवरून जायची. सहा आठवडे नाही, जवळजवळ चार महिने ती टिकली. शेवटी ऑक्टोबर १९४३ मध्ये कोणीतरी पैशांसाठी तिचा पत्ता जर्मनांना दिला आणि ती पकडली गेली.

आता एक गोष्ट लपवायची नाही. तिने पाठवलेले संदेश एका वहीत लिहून ठेवले होते. ती वही शत्रूला सापडली. त्यामुळे शत्रूने तिच्या नावाने लंडनला खोटे संदेश पाठवले आणि आणखी काही हेर पकडले गेले. चित्रकथेतल्या हेराकडून अशी चूक होत नाही. पण नूर खरी होती. खऱ्या माणसाकडून चूक होते, आणि तरीसुद्धा तो शूर असू शकतो, असं मला वाटतं.

नूरने दोनदा पळून जायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तर ती रात्री छपरावरून निघाली होती. पण दोन्ही वेळा ती सापडली. मग तिला जर्मनीत नेलं. हातापायांत साखळदंड घालून एकटीला कोठडीत ठेवलं. असे दहा महिने गेले. तिला पुष्कळ त्रास दिला, पण तिने आपल्या साथीदारांची नावं सांगितली नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊ येथील छळछावणीत तिला आणि आणखी तीन बायकांना गोळ्या घातल्या. नूर तेव्हा अवघी तीस वर्षांची होती.

१९४९ साली इंग्लंडने तिला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. फ्रान्सनेही पदक दिलं. २०१२ साली लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर बागेत तिचा पुतळा बसवला. २०२० साली ती लंडनमध्ये राहत होती त्या घरावर तिच्या नावाची निळी पाटी लावली.

ही माहिती मी घरी वाचून दाखवली, तेव्हा आजीने मला विचारलं की जी खोटं नाव सांगून राहिली तिला मोठी कसं म्हणायचं? मला पटकन उत्तर देता आलं नाही. दोन दिवस मी विचार केला. मग सुचलं. नूर फक्त स्वतःच्या नावाबद्दल खोटं बोलली, आणि ते दुसऱ्यांना वाचवण्यासाठी. ती वानरराजासारखी पूल झाली. स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणं निराळं. आजीला हे पटलं, पण ती म्हणते की एवढं खोटं बोलायची वेळ कोणाच्या मुलीवर येऊ नये. मलाही तसंच वाटतं.

आमच्या वर्गात कोणी गुरुजींना चहाडी सांगितली की मुलं त्याला हेर म्हणून चिडवतात. हे चूक आहे. चहाडखोर दुसऱ्याचं नाव सांगतो. नूरने शेवटपर्यंत कोणाचंच नाव सांगितलं नाही. मित्रांनो, यापुढे चहाडखोराला चहाडखोरच म्हणा. हेर हे नाव फार महाग आहे.

अशा या नूरला माझे शतशः प्रणाम.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी