एकवीसपैकी शून्य

बँकेत बत्तीस वर्षे काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणाचेही आयुष्य समोर आले की मी आधी अखेरची शिल्लक पाहतो आणि मग खातेवहीची पाने उलटी चाळत मागे जातो. गिल हॉजेस या अमेरिकन बेसबॉलपटूचे आयुष्य मी असेच शेवटाकडून वाचले. २०२२ च्या जुलैत न्यू जर्सीला मुलाकडे होतो. टीव्हीवर कूपरस्टाउनचा सोहळा चालू होता. बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनात, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, हॉजेसला त्या दिवशी जागा मिळाली. त्याला जाऊन पन्नास वर्षे झाली होती. भाषण त्याच्या मुलीने केले. पंच्याण्णव वर्षांची त्याची पत्नी जोन ब्रुकलिनमध्ये घरी होती. इतका उशीर का, एवढाच प्रश्न मनात घेऊन मी नातवाच्या मदतीने वाचायला बसलो.

आधी त्या खेळाचा हिशेब सांगायला हवा. बेसबॉलमध्ये दहापैकी सात वेळा हात हलवत परतणारा फलंदाज थोर समजला जातो. सरासरी हजारी मोजतात. हॉजेसची कारकिर्दीची सरासरी २७३, म्हणजे ७०३० खेळ्यांत १९२१ हिट. होमरन ३७०. माणूस खात्रीचा, पण अपयशाचे प्रमाण असे की क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याला ते पचायला वेळ लागतो.

जन्म ४ एप्रिल १९२४, इंडियाना राज्यातल्या प्रिन्स्टनचा. बाप कोळशाच्या खाणीत. १९४३ साली ब्रुकलिन डॉजर्सने त्याला घेतले, त्या वर्षी तो एकच सामना खेळला, आणि मग मरीन म्हणून युद्धावर गेला. ओकिनावात विमानविरोधी तोफखान्यात होता. ब्रॉन्झ स्टार मिळाला, त्याबद्दल बोलणे मात्र तो टाळी. परत आला तो कॅचर म्हणून, पण १९४८ मध्ये संघात रॉय कॅम्पानेला आला आणि हॉजेसला पहिल्या बेसवर जावे लागले. तिथेच तो मोठा झाला. त्याच वर्षी त्याने ब्रुकलिनच्या मुलीशी लग्न केले आणि तिथलाच होऊन राहिला. १९४९ ते १९५५ अशी सलग सात वर्षे त्याने शंभरावर धावा संघाला मिळवून दिल्या. ३१ ऑगस्ट १९५० ला एकाच सामन्यात चार होमरन मारले.

आणि मग आला १९५२ चा ऑक्टोबर. वर्ल्ड सिरीज, समोर न्यू यॉर्क यांकीज, सामने सात. त्या मोसमात ३२ होमरन मारणाऱ्या हॉजेसच्या नावावर सात सामन्यांत २१ खेळ्या लागल्या आणि हिट एकही नाही. एकवीसपैकी शून्य. डॉजर्स सातवा सामना हरले.

दुसरे कोणतेही गाव असते तर त्याचे पुतळे जाळले असते. ब्रुकलिनने त्याला एकदाही हूट केले नाही, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते. १९५३ चा मोसम सुरू झाला तरी साडेसाती सुटेना. मेमध्ये सरासरी दोनशेच्याही खाली घसरली, त्याला बसवावे लागले. लोकांनी जपमाळा पाठवल्या, ताईत पाठवले, पत्रांचा ढीग पडला. एका उकाड्याच्या रविवारी फादर रेडमंड यांनी चर्चमध्ये सांगून टाकले की आज प्रवचनाला फार उकडते आहे, घरी जा, धर्माज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. इकडे मॅनेजर चक ड्रेसनने त्याच्या फलंदाजीची फिल्म काढून त्याला दाखवली. चेंडू येताना पुढचा पाय बाजूला सरकत होता.

हॉजेस सावरला. वर्षअखेर सरासरी ३०२, होमरन ३१. आता श्रेय कोणाचे? भाविक म्हणतील प्रार्थनेचे, जाणकार म्हणतील फिल्मचे. माझ्यातल्या बँकवाल्याने कॅल्क्युलेटर काढला. २७३ च्या फलंदाजाच्या पुढच्या २१ खेळ्या कोरड्या जाण्याची शक्यता साधारण ८०० त एक. पण प्रत्येक हिटनंतर असा दुष्काळ सुरू होऊ शकतो, आणि हॉजेसचे हिट १९२१. म्हणजे सगळे पिचर सारखेच धरले तरी एवढ्या कारकिर्दीत असा काळ दोनेक वेळा येणारच. यांकीजकडे तर रेनॉल्ड्स, रॅशी, लोपॅट असे बिनीचे पिचर होते. एखाद्या जूनमध्ये, एखाद्या फुटकळ सामन्यात तो काळ आला असता तर कोणाच्या लक्षातही राहिला नसता. तो साऱ्या देशासमोर आला.

इथे मला स्वतःचे एक पान उलटावे लागते. मी शाखाधिकारी असताना एका रोखपालाची एकाच एप्रिलमध्ये तीनदा रोकड कमी भरली. रक्कम मोठी नव्हती, त्याने पदरची भरली. मी त्याच्या गोपनीय अहवालात विश्वासार्हतेबद्दल प्रतिकूल शेरा मारला. त्याची बढती दोन वर्षे अडली. त्याआधीच्या नऊ वर्षांत त्याची एक पैही चुकली नव्हती, आणि ती रजिस्टरे माझ्याच मागच्या कपाटात होती. मी ती काढली नाहीत, कारण एप्रिल माझ्या डोळ्यांसमोर होता. तो मला पुढेही अदबीने साहेब म्हणत राहिला, याचा त्रास जास्त होतो.

हॉजेसला मात्र दुसरी संधी मिळत गेली. ४ ऑक्टोबर १९५५, पुन्हा यांकीज, पुन्हा सातवा सामना. डॉजर्स २-० ने जिंकले आणि दोन्ही धावा हॉजेसच्या बॅटने आणल्या. ब्रुकलिनला मिळालेले ते एकमेव जगज्जेतेपद. संघ लॉस एंजेलिसला गेल्यावर १९५९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याची सरासरी ३९१, आणि चौथा सामना त्याच्या होमरनने फिरला. मग त्याला मोक्याच्या वेळी कच खाणारा म्हणायचे की मोक्याला उभा राहणारा? त्याच्या साऱ्या वर्ल्ड सिरीज मी एकत्र मांडल्या. खेळ्या १३१, हिट ३५, सरासरी २६७. कारकिर्दीची २७३. एकवीस शून्ये आत धरूनही माणूस जवळजवळ तोच निघाला.

रिचर्ड क्रेमर या अभ्यासकाने १९७७ मध्ये दोन मोसमांचे आकडे ताडून दाखवले होते, की एका वर्षी मोक्याला चमकलेले फलंदाज पुढच्या वर्षी तसेच चमकतात असे दिसत नाही. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलमधला चढता हात हा पाहणाऱ्याचा भास ठरवला. तीसेक वर्षांनी मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्या हिशेबातच चूक काढली. म्हणजे फॉर्म नावाची चीज थोडीफार असावी. पण आपण गॅलरीत बसून मानतो तेवढी ती खचित नाही.

गंमत अशी की, हे हॉजेसला मॅनेजर झाल्यावर बरोबर उमगलेले दिसते. १९६८ मध्ये त्याने न्यू यॉर्क मेट्स हा हसण्यावारी गेलेला संघ हाती घेतला. त्याच सप्टेंबरात त्याला हृदयविकाराचा झटका आला, तरी तो परतला. १९६९ मध्ये मेट्सने शंभर सामने जिंकले. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत त्याचा आर्ट शॅम्स्की १३ खेळ्यांत सात हिट मारून नुसता पेटला होता. पहिल्याच सामन्यात हॉजेसने त्याला सुरुवातीच्या संघाबाहेर बसवले. समोर बाल्टिमोरचा डावखुरा पिचर होता आणि डावखुऱ्यासमोर उजवे फलंदाज खेळवायचे हा त्याचा वर्षभराचा शिरस्ता. सामना हरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावखुरा, पुन्हा शॅम्स्की बाहेर. तिसऱ्या सामन्यात उजवा पिचर आला, तेव्हाच तो सुरुवातीपासून खेळला. दुसऱ्या सामन्यापासून मेट्सने ओळीने चार जिंकले. अल वाइस, ज्याची त्या मोसमातली सरासरी अवघी २१५, त्याने त्या मालिकेत ४५५ ने फलंदाजी केली. वाइसला कोणी मोक्याचा माणूस म्हणून निवडले नव्हते. डावखुऱ्यासमोर त्याची पाळी होती, इतकेच.

२ एप्रिल १९७२, ईस्टरचा रविवार. वेस्ट पाम बीचला सहकाऱ्यांबरोबर गोल्फ खेळून परतताना हॉजेस कोसळला. अठ्ठेचाळीस पुरे व्हायला दोन दिवस होते. हॉल ऑफ फेमसाठी क्रीडापत्रकारांनी पंधरा वर्षे त्याच्यावर मते टाकली. लागतात ७५ टक्के. १९८३ मध्ये, शेवटच्या खेपेस, ६३.४ मिळाली. पुढे दरवाजा उघडला तो डिसेंबर २०२१ मध्ये, एका समितीच्या मतदानात. सोहळ्यानंतर दोन महिन्यांनी, सप्टेंबरात, जोन गेली.

परतण्याच्या आदल्या रविवारी मुलाने मला ब्रुकलिनला नेले. रॉकअवेकडे जाणाऱ्या खाडीवर एक उंच पोलादी पूल आहे, १९७८ पासून त्याला हॉजेसचे नाव आहे. पुलावर टोल आहे. नातवाने पाटीवरचे नाव वाचले आणि विचारले, आजोबा, तुमचा तो रोखपाल आता कुठे असतो? शाखेतल्या जुन्या लोकांना फोन करून पाहतो, असे मी त्याला सांगितले.