समजून घ्या : सातारचा ‘देवाचा दरबार’ आणि रेव्हरंड टिळकांची अहंकाराशी झुंज

मलकापूरहून महामार्गाने निघाले की साधारण तासाभरात सातारा येते. याच शहरात 1917 मध्ये एका नामवंत कवीने आणि पाद्र्याने नोकरी सोडून भगवी वस्त्रे घातली. ते होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. ख्रिस्ती जीवनात नम्रतेला इतके महत्त्व का आहे, हे त्यांच्या आयुष्यातून समजून घेता येते.

अभिमान कशाचा होता?

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धी तल्लख, वाणी ओघवती आणि स्वभाव तापट. एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. जातिभेद आणि धर्म यांवर विचार करताना आपणच एक नवा धर्म स्थापन करावा, अशी महत्त्वाकांक्षा त्यांच्या मनात रुजली.

1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले. ते वाचताना त्यांचे मन येशूकडे ओढले गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. धर्मसंस्थापक होऊ पाहणारा माणूस शिष्य झाला.

बाप्तिस्म्याने अहंकार गेला का?

नाही. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आले आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांना सोवळ्याओवळ्याशी, म्हणजे जन्माच्या अभिमानाशी, घरातच झगडावे लागले. पतीचा रागीटपणा आणि लहरीपणाही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. धर्म बदलला म्हणून स्वभाव एका दिवसात बदलत नाही, हे त्यातून दिसते.

नम्रतेची ख्रिस्ती कल्पना काय?

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतो. गुरूच सेवकाचे काम करतो. स्वतःला तुच्छ लेखणे म्हणजे नम्रता, असे इथे अभिप्रेत नाही. आपल्याकडे जे आहे ते देवाचे दान आहे, हे ओळखून ते इतरांसाठी वापरणे म्हणजे नम्रता. टिळकांना हा भाव तुकारामांच्या अभंगांत आधीच भेटला होता. म्हणून ओवी, अभंग आणि भजन या आपल्या वाटेनेच त्यांनी ख्रिस्तभक्ती मराठीत आणली.

सातारला काय घडले?

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. पद होते, पगार होता, कवी म्हणून कीर्तीही होती. अभिमानाला हीच जागा सोयीची. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र येता येत होते. चर्चमधल्या अनेकांना ही मोकळीक रुचली नाही.

संन्यासातही एक धोका असतोच. भगव्या वस्त्रांपुढे लोक वाकतात आणि सोडलेला मोठेपणा मागच्या दाराने परत येतो. दरबारात गुरू ख्रिस्त आणि बाकी सारे बंधू, ही मांडणी म्हणूनच महत्त्वाची.

आज त्याचे काय?

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्यही अपुरे राहिले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना त्यांनीच लिहिता-वाचता व्हायला लावले होते.

अहंकार एकदाच सोडून भागत नाही. तो विद्या, जात, पद, अगदी त्याग अशी रूपे बदलून येतो. टिळकांना तो दर वळणावर नव्याने ओळखावा लागला. मंडळीत, घरात किंवा गावच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे, मग धर्म कोणताही असो.