पै-पैचा हिशेब

वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ज्यांनी ग्रामोद्योगांसाठी देह झिजविला, त्या जे. सी. कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनिसाची विद्या शिकले व मुंबईत त्यांनी तो व्यवसाय केला. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि त्यांनी देशसेवेचा मार्ग धरला.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. घरे कोसळली, जमिनीतून उसळलेल्या वाळूने शेते झाकली, विहिरी बुजल्या. अशा वेळी कोणाचे किती नुकसान झाले, हे नीट पाहिल्यावाचून मदत योग्य हाती पडत नाही. आणि हिशेब चोख नसेल तर ती वाटेतच आटते. राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीकडे देशभरातून निधी आला. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून कुमारप्पांनी त्याचे हिशेब हाती घेतले.

प्रत्येक स्वयंसेवकाच्या खर्चास रोज तीन आणे, असा नियम त्यांनी घातला. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले. त्यांचा खर्च या मर्यादेत बसेना. कुमारप्पांनी तो निधीतून देण्यास नम्रपणे नकार दिला. कारण तो पैसा बेघर झालेल्यांचा होता. गांधीजींनीही तो नियम मानला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा गांधीजींनी याच कठोर हिशेबनिसावर सोपविली. ३० जानेवारी १९६० रोजी कुमारप्पा निवर्तले. लोकांचा पैसा ही लोकांची ठेव आहे, हे त्यांनी आचरणाने शिकविले.